बैलाला वशिंड हवंच

श्रावण उतरणीला लागला की विदर्भातल्या बाजारांत लाकडी बैल दिसू लागतात. मूर्तिजापूरही त्याला अपवाद नाही. खाली चार चाकं, पुढे ओढायला दोरी, शिंगांना झगझगीत रंग. श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं आपापला बैल ओढत घरोघर जातात, घरची बाई बैलाला कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, ठेवते. हा लहानांचा पोळा नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये सुरू केला, असं सांगितलं जातं. लाकडी बैल मात्र वर्षभर माळ्यावर पडून राहतो, आणि सण तोंडावर आला की त्याचं एक चाक हमखास सापडत नाही.

ज्या घरात क्रोशाची सुई चालते, तिथे यावर चांगला इलाज आहे. बैल विणायचा. सुती धाग्याचा, हातभर उंचीचा नव्हे, तळहातावर बसेल एवढा. सोबत दारासाठी आंब्याच्या पानांचं तोरण. वऱ्हाडातल्या घरांना क्रोशा नवा नाही. रेडिओवरचा रुमाल, मग टीव्हीवरचा रुमाल, काचेच्या नळ्या आणि मणी ओवलेलं लोकरीचं तोरण, हे सगळं एका पिढीनं दुपारच्या वेळात करून ठेवलंच आहे. बैल ही त्याच हाताची पुढची पायरी. फरक इतकाच, की रुमाल सपाट विणतात आणि बैल गोल गोल.

या गोल विणकामाची हौस जगभर पसरली ती जपानमुळे. तिथे अशा भरीव खेळण्यांना 'आमिगुरुमी' म्हणतात. विणणं आणि कापूस भरलेली बाहुली या अर्थाच्या दोन शब्दांचा तो जोड आहे. ब्रिटनमध्ये नाताळ-ईस्टरला बायका लाल टपालपेट्यांच्या डोक्यावर क्रोशाच्या टोप्या चढवतात. टोपीवर मेंढ्या, कोंबड्या, सांताक्लॉज, जे सुचेल ते. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शिकवलेली क्रोशाची लेस आजही हजारो बायका विणतात. तेव्हा क्रोशाचा बैल म्हणजे कुणाची तरी लहर नव्हे. अडचण वेगळीच आहे. बैलाचा नमुना शोधायला गेलं की सापडते ती गाय. पांढऱ्यावर काळे ठिपके, गुलाबी नाक, इवलीशी शिंगं आणि सपाट पाठ. दुधाच्या पावडरच्या डब्यावरून उतरून आल्यासारखी. ती पोळ्याच्या पाटावर ठेवली तर घरातलं म्हातारं माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार, "याचं वशिंड कुठी गेलं बाप्पा?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. देशी बैलाची ओळखच वशिंडानं आणि गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीनं होते. जू बसतं ते मानेवर, वशिंडाच्या पुढे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते, तेव्हा तूप-हळद चोळतात ती याच जागी. वर्षभर ओझं सोसलेली जागा ती. तेवढं विणायचं राहिलं तर बाकी कितीही नेटकं विणलं तरी तो पोळ्याचा बैल होत नाही. म्हणून या लेखातल्या बैलाचं धड-डोकं झटपट उरकलंय आणि वशिंड, शिंगं, साज यांना जास्त वेळ दिलाय.

रंग ठरवायला शेजारचा गोठा पुरतो. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ बैल पांढरा-राखाडी असतो, तोंड लांबट, शिंगं आखूड, बोथट आणि किंचित मागे झुकलेली. नांदेडकडचा लाल कंधारी गडद तांबडा. पश्चिम महाराष्ट्रातला खिल्लार पांढरा, पण त्याची शिंगं लांब, मागे जाऊन वर वळलेली. पहिलाच बैल असेल तर गवळाऊ धरावा. आखूड शिंगं विणायला सोपी, आणि मोतिया रंगाच्या धाग्यावर साज उठून दिसतो.

आता सामान. लोकर म्हणून दुकानात मिळतो तो धागा बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतो. स्वस्त आणि रंगीत, पण त्याला दोन खोडी आहेत. हाताळून हाताळून त्याचे गोळे सुटतात, आणि निरांजनाची ज्योत जवळ आली की तो जळण्याआधी वितळतो. पोळ्याच्या बैलाला ओवाळायचं असतं, हे विसरून चालत नाही. म्हणून अंगासाठी मध्यम जाडीचा सुती धागा घ्यावा. पन्नास ग्रॅमची एक गुंडी एका बैलाला पुरून उरते. सुतालाही ज्योत चालत नाहीच, ओवाळताना ताम्हन वीतभर दूर धरायचं. सुई अडीच मिलिमीटरची. धाग्याच्या वेष्टनावर याहून मोठी सुई सुचवलेली असली तरी मोह टाळावा. सुई मोठी घेतली की वीण सैल पडते आणि आतला कापूस डोकावतो. बैल आजारी दिसतो.

कापसाबद्दल थोडं सविस्तर. मूर्तिजापूर हे कापसाच्या मुलखातलं जंक्शन. मुंबई-हावडा मार्गावरच्या या स्टेशनातून एका अंगाला यवतमाळ आणि दुसऱ्या अंगाला अचलपूर अशी जी अरुंद रुळांची 'शकुंतला' धावायची, ती किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीनं वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीकडे नेण्यासाठीच उभारली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत या रुळांवर राबलं. असा इतिहास ज्या गावाला आहे, तिथे बैलात भरायला प्लॅस्टिकचा कापूस विकत आणणं जरा जिवावर येतं. तरी घरच्या शेतातला कापूस जसाच्या तसा भरू नये. त्यात सरकी असते. बैलाच्या पोटाला खडे लागतात आणि पावसाळी दमट हवेत त्यात किडे होतात. गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस मूठ-दोन मूठ आणावा, कडक उन्हात दिवसभर ठेवावा. श्रावणात ऊन मिळेल तेव्हा मिळेल, म्हणून हे काम आषाढात उरकलेलं बरं. सुती कापूस दाबला की बसतो, तेव्हा वाटतो त्याच्या दीडपट भरायचा आणि मोठा गोळा न कोंबता चिमूट चिमूट भरायचा. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं कोपऱ्यांत ढकलला की पाय ताठ उभे राहतात.

टाके मोजकेच लागतात. सुई टाक्यात घालून धागा ओढला, सुईवर दोन फास झाले, पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून काढला, की झाला मुका खांब. सुईवर आधी एक वेढा घेऊन विणलं, आणि तिन्ही फासांतून एकदम काढलं तर अर्धा खांब. दोन-दोन करून काढलं तर पूर्ण खांब. बैलाचं सगळं अंग मुक्या खांबाचं आहे. वाढवायचं म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब, घटवायचं म्हणजे दोन टाके मिळून एक. फेरी कुठे संपली हे गोल विणीत कळत नाही, म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवून ठेवायचा आणि दर फेरीला वर सरकवायचा. गप्पा मारत विणणाऱ्यांनी तर नक्कीच.

धडाची सुरुवात शेपटीकडून. दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीत सहा मुके खांब विणायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. तिसऱ्या फेरीत एक सोडून एक टाका वाढवला की अठरा, चौथीत दर तिसरा वाढवला की चोवीस, पाचवीत दर चौथा, की तीस. मग सहावीपासून पंधराव्या फेरीपर्यंत तीसच ठेवायचे, काही वाढवायचं नाही, काही घटवायचं नाही. हाताला विसावा मिळतो तो इथेच. सोळाव्या फेरीत तीन टाके विणून पुढचे दोन मिळवायचे, असं सहा वेळा, की चोवीस. सतराव्यात दोन विणून दोन मिळवले की अठरा. आता कापूस भरायचा. अठराव्यात एक विणून दोन मिळवले की बारा, एकोणिसाव्यात सगळेच दोन-दोन मिळवले की सहा. उरलेलं भोक धागा ओढून बंद. सात-आठ सेंटिमीटरचं, आवळ्यापेक्षा थोडं मोठ्या घेराचं लांबट धड तयार होतं.

डोकं नाकपुडीकडून विणायचं. गवळाऊचं नाक काळसर असतं, म्हणून पहिल्या तीन फेऱ्या गडद राखाडी धाग्यानं : सहा, बारा, बारा. मग मोतिया धागा लावून आणखी एक फेरी बाराची. पाचव्या फेरीत एक सोडून एक वाढवून अठरा, पुढच्या चार फेऱ्या अठराच्या, आणि दहाव्या फेरीत एक विणून दोन मिळवत पुन्हा बारा. कापूस भरून तोंड उघडंच ठेवायचं आणि शिवायला हातभर धागा सोडून कापायचं. हे उघडं तोंड धडाच्या पुढच्या टोकाला, मध्यापेक्षा थोडं वर शिवतात. अगदी मधोमध शिवलं तर बैल मान खाली घालून चरतोय असं दिसतं. पोळ्याच्या दिवशी बैलानं मान वर ठेवलेली शोभते.

पाय चार. काळ्या धाग्यानं सहा टाक्यांची सुरुवात, दुसऱ्या फेरीत एक सोडून एक वाढवून नऊ. हे खूर झालं. पुढे मोतिया धाग्यानं नऊ-नऊच्या सहा फेऱ्या. बहुतेकांचा बैल इथेच लंगडतो. कारण एकच, पाय एकेक करून शिवले जातात. आधी चारही पाय टाचण्यांनी लावून बैल पाटावर उभा करून पाहायचा, डगमगला तर टाचणी हलवायची, मगच सुई-दोरा हाती घ्यायचा.

आता वशिंड. सहा, बारा, मग बाराच्याच दोन फेऱ्या. छोटी वाटी होते. कापूस ठासून भरायचा आणि वाटी पुढच्या पायांच्या बरोबर वर, मानेच्या मागे शिवायची. पाठीच्या मध्यावर शिवली की उंट होतो. एवढ्या एका सेंटिमीटरच्या चुकीनं प्राणी बदलतो, तेव्हा शिवण्याआधी इथेही टाचणी. वशिंड सरळ उभं न ठेवता किंचित मागे कललेलं ठेवलं तर जास्त खरं वाटतं. पोळीसाठी दहा साखळ्या घालून परत फिरायचं आणि दुसऱ्या साखळीपासून मुका, अर्धा, अर्धा, मग तीन पूर्ण खांब, पुन्हा अर्धा, अर्धा, मुका असे नऊ टाके घ्यायचे. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती अशी पट्टी होते. साखळीची बाजू हनुवटीखालून छातीपर्यंत शिवली की फुगीर बाजू आपोआप लोंबते. नेहमीच्या नमुन्यातल्या गायीचा वऱ्हाडी बैल होतो तो या दोन तुकड्यांनी.

शिंगांना चार टाक्यांनी सुरुवात, दुसरी फेरी चारची, तिसरीत एक वाढवून पाच, चौथी पाचची. एवढ्या लहान गोलात सुई फिरवताना बोटं वैतागतात. सवयीचा हातही इथे उसवतो, त्याची लाज नको. आत कापूस भरायचा नाही. गवळाऊची शिंगं एवढीच. खिल्लार हवा असेल तर फेऱ्या दहापर्यंत न्याव्यात, दर दोन फेऱ्यांनी एकाच बाजूला एक टाका वाढवावा, म्हणजे शिंग स्वतःहून वळतं. टोकावर जरीचा सोनेरी धागा चार-पाच वेढे घट्ट गुंडाळला की पितळी शेंब्या झाल्या. कानाला पाच साखळ्या, परत फिरून दुसऱ्या साखळीपासून एक मुका, दोन अर्धे, एक मुका. कान शिंगांच्या खाली, आडवे. शेपटी बारा साखळ्यांची, टोकाला काळ्या धाग्याचा झुपका.

डोळ्यांना मणी चांगले दिसतात. पण बैल तीन वर्षांखालच्या लेकराच्या हातात जाणार असेल तर मणी नकोत, घुंगरूही नकोत. ते तोडून तोंडात घालायला लेकराला क्षण पुरतो. काळ्या धाग्यानं दोन-तीन टाके भरून डोळे काढावेत. वर पांढरा एक बारीक टाका घेतला की नजर येते.

इथवर उघडा बैल झाला. खरी मजा साजाची, आणि साज गुंडीतून नव्हे, डब्याच्या तळाशी साठलेल्या उरल्यासुरल्या धाग्यांतून करायचा. मूर्तिजापूर तालुक्यातल्याच दापुऱ्याला, मामाच्या घरी, गुरं राखत वाढलेला डेबू पुढे गाडगेबाबा झाला. चिंध्या जोडून अंगावर घालायचा म्हणून लोक त्याला गोधडेबुवा म्हणत. त्या मुलखात झूल तुकड्यांची असली तर बैलाला कमीपणा नाही. एकवीस साखळ्या घालून वीस मुक्या खांबांची एक ओळ, अशा दहा ओळी. दर दोन ओळींनी रंग बदलायचा : गुलाबी, हिरवा, पिवळा, जो हाती लागेल तो. रंग जुळवत बसू नये. पोळ्याच्या बैलाचे रंग जुळलेले कुणी पाहिलेत? दोन्ही आखूड बाजूंना झालर सोडायची आणि मध्यावर टिकलीएवढा आरसा. झूल अंगाला शिवायची नाही, नुसती पाठीवर टाकायची. पोरांना ती काढायला-घालायला आवडते, आणि खेळ निम्मा त्यातच असतो.

कपाळावर मठाटी म्हणून लाल साखळीची एक पट्टी, दोन्ही बाजूंना कानांजवळ गोंडा. गोंड्यासाठी काटेचमच्याच्या दातांभोवती धागा वीस वेढे गुंडाळून मध्ये बांधायचा आणि कडा कापायच्या. वेसण म्हणजे नाकातून ओवलेला दोरा, त्यालाच पुढे लांब साखळी विणून कासरा. गळ्यात घागरमाळेऐवजी पिवळ्या गाठींची माळ. कवड्या मिळाल्या तर एकच पुरे, तीन ओवल्या की बैलाची मान वाकते.

तान्ह्या पोळ्यात बैल ओढायचा असेल तर चाकं लागतील. जाड पुठ्ठ्याचा दुहेरी चौकोन, पुढे-मागे रिकाम्या रिफिलीचे तुकडे आडवे चिकटवायचे, त्यांतून खराट्याची जाड काडी आरपार घालायची आणि टोकांना पाण्याच्या बाटल्यांची झाकणं. काडी रिफिलीत सहज फिरली पाहिजे, नाहीतर बैल सरकतो, चालत नाही. बैल पुठ्ठ्यावर चिकटवण्यापेक्षा चार खुरांतून दोऱ्यानं बांधावा. सण झाला की सोडवता येतो. गावातले रस्ते आणि भाद्रपदाच्या तोंडावरचा चिखल पाहता पुठ्ठ्याला खालून पिशवीचं प्लॅस्टिक लावणं शहाणपणाचं. भिजलाच, तर पिळू नये. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावं, पंख्याखाली दोन दिवस ठेवावा. आतला कापूस ओला राहिला की वास धरतो. वर्षभर ठेवताना सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला.

आता तोरण. पोळ्याला आखरावर बैल जमतात ते आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून होतात, पूजा होते आणि तोरण तुटलं की पोळा फुटतो, बैल घराकडे सुटतात. दारावरच्या विणलेल्या तोरणातही ही तुटण्याची गंमत ठेवता येते.

एका पानाला पंधरा साखळ्या. दुसऱ्या साखळीपासून एक मुका, दोन अर्धे, आठ पूर्ण खांब, दोन अर्धे, एक मुका. टोकाला दोन साखळ्या घालून वळायचं आणि साखळीच्या दुसऱ्या अंगानं तेच पुन्हा. सहा सेंटिमीटरचं पान होतं. मधली शीर पिवळसर धाग्यानं धावदोऱ्याची. चौदा पानं लागतात. दहा-अकरा हिरवी, बाकीची तांबूस, कोवळ्या पालवीसारखी. पानं गुंडाळी होऊ नयेत म्हणून भाताच्या पेजेची पातळ खळ करून त्यात बुडवावीत आणि जाड पुस्तकाखाली प्लॅस्टिकच्या कागदात दाबून सुकवावीत. साखरेच्या पाण्यानं कडक करायची जुनी युक्ती बऱ्याच जणींना माहीत असते. ती मुंग्यांनाही माहीत आहे.

तीन फुटी दारासाठी तोरणाची पट्टी दोन भागांत करायची. प्रत्येक भाग शंभर साखळ्यांचा, त्यावर मुक्या खांबांच्या तीन ओळी, आणि दर चौदा टाक्यांवर एक पान, म्हणजे सात इकडे, सात तिकडे. एका भागाच्या आतल्या टोकाला लाकडी बटण शिवायचं, दुसऱ्याच्या टोकाला सहा-सात साखळ्यांचा फास. बाहेरची टोकं चौकटीच्या खिळ्यांना बांधायची, मध्ये बटण लावायचं. संध्याकाळी बैलाची पूजा झाली, पुरणपोळीचा घास त्याच्या राखाडी नाकाला लावून झाला, की घरातल्या सगळ्यात धाकट्याला उचलून घ्यायचं आणि बटण त्याच्याकडून काढवायचं. पानं दोन्ही अंगांना झपकन लोंबतात, आणि खालून बैल ओढत आत नेता येतो.